देवाच्या घराचे सारवण

रविवार, ९ नोव्हेंबर २०२५
रोम येथील लॅटरन महामंदिराच्या समर्पणाचा सण
वाचने : यहेज्केल ४७:१-२, ८-९, १२, १ करिंथ ३:९-११, १६-१७, योहान २:१३-२२



गेल्या डिसेंबरात आपल्या धर्मग्रामातून एक बस जुन्या गोव्याला गेली होती. संत फ्रान्सिस झेव्हियर यांच्या पवित्र अवशेषांचे जाहीर दर्शन दहा वर्षांतून एकदा होते. या वेळी ते २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ पर्यंत होते. रात्रभर प्रवास करून आपण सकाळी पोहोचलो, से कॅथेड्रलमध्ये रांगेत उभे राहून दर्शन घेतले आणि मग रस्ता ओलांडून बोम जेझुस बासिलिकेकडे गेलो. तिथे आपल्यातल्या एका आजींनी भक्तिभावाने चर्चच्या बाहेरच्या भिंतीला हात लावला आणि तोच हात कपाळाला लावायला उचलला. पाहतात तर तळवा लाल झालेला. पदराला हात पुसत त्यांनी मला विचारले, "फादर, एवढं मोठं देवाचं घर, अन् ह्याला कुणी सारवीत न्हाई व्हय?"

आम्ही सगळे हसलो. मीही हसलो. पण आजींचा प्रश्न माझ्याबरोबर बसमध्ये बसून परत आला आणि वर्षभर माझ्या खोलीत राहिला. आज ख्रिस्तसभा जो सण साजरा करीत आहे, त्या सणाचे उत्तरही मला त्याच प्रश्नात दिसते.

आज आपण एका इमारतीचा सण साजरा करीत आहोत. लॅटरनचे महामंदिर हे पोप महोदयांचे स्वतःचे कॅथेड्रल. इ. स. ३२४ मध्ये पोप संत सिल्व्हेस्टर यांनी त्याचे समर्पण केले, असे ख्रिस्तसभेची परंपरा सांगते. जगातील सर्व चर्चेसची ती माता. पण ही माता काही सोळा-सतरा शतके जशीच्या तशी उभी नाही. नवव्या शतकाच्या अखेरीस भूकंपाने ती ढासळली. १३०८ मध्ये आणि पुन्हा १३६१ मध्ये आगीत होरपळली. १६५० च्या पवित्र वर्षासाठी बोरोमिनी नावाच्या शिल्पकाराने तिचा आतला भाग नव्याने सजवला. आज आपण चित्रात पाहतो ती तिची दर्शनी भिंत तर १७३५ सालची. म्हणजे आपण जिचा सण पाळतो ती कधीही न पडलेली इमारत नव्हे, प्रत्येक वेळी कोणीतरी पुन्हा उचललेली इमारत आहे.

एकाच शहरातील दोन चर्चेस

आता आपण पुन्हा जुन्या गोव्याला जाऊ. बोम जेझुस म्हणजे चांगला येशू, बाळ येशू. आत एका खांबावरील लेखात या चर्चच्या दोन तारखा दिलेल्या आहेत. २४ नोव्हेंबर १५९४ रोजी बांधकामाला सुरुवात झाली आणि १५ मे १६०५ रोजी महागुरू आलेशो द मिनेझिस यांच्या हस्ते समर्पण झाले. आजच्या शुभवर्तमानात यहुदी लोक येशूला सांगतात की, हे मंदिर बांधायला सेहेचाळीस वर्षे लागली. बोम जेझुसला साडेदहा वर्षे लागली.

हे चर्च येशूसंघीय धर्मगुरूंनी बांधले. भिंती कोकणातल्या जांभ्या दगडाच्या आहेत. नक्षीकामाला मात्र जांभा चालत नाही, म्हणून खांबांसाठी आणि कोरीव कामासाठी वसईहून काळा दगड आणला. तो काळा पाषाण आपल्याला परका नाही. आपल्याकडे विहीर खणायला घेतली की खाली तोच लागतो. दर्शनी भाग पाहा. सर्वांत खाली तीन दरवाजे, त्यावर तीन उभ्या खिडक्या, त्यावर तीन गोल खिडक्या आणि सर्वांच्या वर एका चौकटीत आय-एच-एस ही येशूच्या नावाची अक्षरे. माणसाची नजर दरवाज्यापासून वर चढत चढत त्या नावापाशी जाऊन थांबावी, अशी ती मांडणी आहे.

आत गेल्यावर पहिल्यांदा जाणवते ते हे की दृष्टीच्या आड काही येत नाही. सुमारे १८३ फूट लांब आणि ५५ फूट रुंद असे ते एकच मोठे सभागृह आहे. दोन्ही बाजूंना खांबांच्या ओळी नाहीत. त्या काळी ट्रेंटची विश्वसभा (१५४५–१५६३) होऊन गेली होती आणि लोकांना वेदी दिसली पाहिजे व प्रवचन ऐकू आले पाहिजे, याकडे ख्रिस्तसभा विशेष लक्ष देऊ लागली होती. म्हणून प्रवचनपीठ वेदीपासून पुढे, लोकांच्या मध्यावर भिंतीला लावलेले आहे. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही देवाचा शब्द पोहोचावा, हा त्यामागचा हेतू. मुख्य वेदी सोन्याच्या वर्खाने झळाळते. खाली बाळ येशू, त्यामागे संत इग्नेशियस यांची मोठी मूर्ती. ते लोकांकडे पाहत नाहीत, वर पाहतात. वर सूर्यासारख्या तेजात पुन्हा येशूचे नाव आणि त्याहून वर पवित्र त्रैक्य. उजव्या हाताच्या उपासनालयात संत झेव्हियर यांची चांदीची पेटी. ती १६३७ मध्ये गोव्याच्याच कारागिरांनी घडवली. तिच्याखालचा संगमरवरी चौथरा इटलीतील तोस्कानाचे ग्रँड ड्यूक तिसरे कोझिमो यांची भेट. फ्लॉरेन्सच्या फोजिनी या शिल्पकाराने तो घडवला आणि १६९८ मध्ये तो येथे बसवण्यात आला.

या चर्चपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर, टेकडीवर, ऑगस्टिनियन संन्याशांनीही एक भव्य चर्च बांधले. तेच शहर, तोच जांभा दगड आणि जवळजवळ तीच वर्षे. ते १६०२ च्या सुमारास पूर्ण झाले. बोम जेझुसहून ते लहान नव्हते. त्याला उंच मनोरे होते. आज तिथे काय आहे? एका मनोऱ्याचा अर्धा भाग आकाशात उभा आहे, सुमारे ४६ मीटर उंच, आणि खाली मोकळ्या आभाळाखाली वेद्यांचे चौथरे. १८३५ मध्ये सरकारी हुकुमाने संन्याशांना ती जागा सोडावी लागली. त्यानंतर अवघ्या सात वर्षांत, १८४२ मध्ये, छत कोसळले. १९३१ मध्ये दर्शनी भिंत पडली.

कुठल्या शत्रूने तोफा डागल्या नाहीत. भूकंप झाला नाही. फक्त सात पावसाळे कोणी छताकडे पाहिले नाही.

बोम जेझुसवरही संकटे आली. साथीच्या रोगांनी ते शहर ओस पडत गेले. १७५९ मध्ये येशूसंघीयांना गोव्यातून हाकलण्यात आले. १८४३ मध्ये राजधानी अधिकृतपणे पणजीला गेली. ज्या शहरासाठी चर्च बांधले ते शहरच राहिले नाही. तरीही चर्च राहिले. कारण संत झेव्हियर यांच्या पायाशी येणारी माणसे थांबली नाहीत. कोणी नवस फेडायला आले, कोणी मेणबत्ती लावायला. जिथे माणसे येतात तिथे कोणीतरी झाडतो, आणि झाडणाऱ्याचे लक्ष छताकडे जाते.

ऑगस्टिनियन मनोऱ्यातील घंटेचे काय झाले, ठाऊक आहे? ती १८७१ पासून पणजीच्या निष्कलंक मातेच्या चर्चमध्ये आहे. तिचे मूळ घर पडले, पण लोक जिथे आहेत तिथे तिचा आवाज आहे.

आजींच्या प्रश्नाचे उत्तर

पण आजींचा हात लाल का झाला? बोम जेझुसच्या भिंतींना पूर्वी बाहेरून चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात पोर्तुगीज सरकारच्या तज्ज्ञांनी तो काढून टाकला. दगड उघडा दिसला तर इमारत अधिक प्राचीन, अधिक भारदस्त वाटेल, असा विचार त्यामागे होता. दिसायला ती भारदस्त दिसू लागली हेही खरे. आज कॅलेंडरवर आपण जे लाल चर्च पाहतो ते गिलावा काढलेले चर्च आहे. पण जांभा हा सच्छिद्र दगड. तो पाणी पितो. गोव्याचा पाऊस तर आपल्या पावसाच्या कितीतरी पट. २०२० मध्ये बासिलिकेच्या रेक्टरांनी इमारतीच्या स्थितीबद्दल जाहीरपणे काळजी व्यक्त केली. पुन्हा गिलावा करावा असे काही जण म्हणतात, लाल रूपच राहू द्यावे असे काही जण म्हणतात.

चुन्याचा गिलावा दोन कामे करतो, हे आपल्यातल्या गवंडी भावांना माहीत आहे. बाहेरचा पाऊस तो आत येऊ देत नाही, आणि भिंतीत मुरलेली ओल तो बाहेर जाऊ देतो. तो दगडासारखा टिकत नाही. काही वर्षांनी पुन्हा करावा लागतो. त्याच्यावर कोणी नाव कोरत नाही. पण तो आहे म्हणून दगड टिकतो.

ज्यांनी आयुष्यभर दर सणाला शेणामातीने घर सारवले, त्या आजींना हे तज्ज्ञांच्या आधी कळले. सारवण एकदा करून भागत नाही. दिवाळीला केले म्हणून नाताळला चुकत नाही. भिंत बांधणारा एकदा बांधतो, सारवणारी जन्मभर सारवते.

आजच्या दुसऱ्या वाचनात संत पौल करिंथच्या भांडणाऱ्या ख्रिस्ती लोकांना सांगतो की, तुम्हीच देवाची इमारत आहात, पाया येशू ख्रिस्त आहे, प्रत्येकाने त्यावर कसे बांधतो ते जपून पाहावे. तो हे मंडळीतील तट पाहून सांगतो. कोणी म्हणत होते आम्ही पौलाचे, कोणी म्हणत होते आम्ही अपुल्लोसाचे. पाया पक्का होता, पण गिलावा निघाला होता.

आपले चर्च

आता मला आपल्या घरातले बोलू द्या. यहेज्केल संदेष्ट्याच्या दर्शनात मंदिराच्या उंबरठ्याखालून पाणी बाहेर वाहते, आणि ते जिथे जाते तिथे सुकलेली जमीन हिरवी होते. आपल्या चर्चमध्ये या सप्टेंबरात पाणी बाहेरून आत आले. स्त्रियांच्या बाजूला, मतमाउलीच्या मूर्तीजवळ, चार रविवार आपण बादल्या ठेवल्या. हरेगावच्या यात्रेहून परत आल्यावर पहिले काम काय केले, तर फरशी पुसली.

मग आपण सभा घेतली. छत दुरुस्त करायचे यावर कोणाचे दुमत नव्हते. पैसे द्यायलाही लोक तयार होते. सभा अडली ती एका फरशीवर, देणगीदारांच्या नावांच्या फरशीवर. कोणाचे नाव वर, कोणाचे खाली, कोणाच्या आजोबांनी पूर्वी काय दिले होते. आवाज चढले. जुन्या गोष्टी निघाल्या. त्या दिवसापासून दोन घरांचे येणे-जाणे बंद आहे. एक घर मिस्साला येऊन शेवटच्या बाकावर बसते आणि परमप्रसाद झाला की निघून जाते. दुसरे घर येतच नाही. मी नावे घेत नाही. त्या फरशीची कल्पना मुळात मीच मांडली होती, म्हणून पहिला दोष माझा आहे आणि तो मी तुमच्यासमोर कबूल करतो.

बोम जेझुसमध्येही देणगीदाराचे स्मारक आहे. डॉम जेरोनिमो मास्कारेन्हस हे कोचीनचे कप्तान होते. १५९३ मध्ये मृत्यू पावताना त्यांनी ठेवलेल्या धनातून हे चर्च उभे राहिले. त्यांचे स्मारक भिंतीवर सुंदर आहे. गेल्या डिसेंबरात आपण सगळे त्याच्यासमोरून गेलो. आपल्या बसमधल्या एकाला तरी ते आठवते का? त्यांचे दान देवाने नक्कीच स्वीकारले असेल. पण लोक झेव्हियर यांना भेटायला येतात, ज्यांनी स्वतःचे म्हणून काहीच ठेवले नाही. आणि ज्या गवंड्यांनी जांभ्याचे चिरे वर चढवले, त्यांची नावे तर भिंतीवर नाहीतच. ती देवाच्या वहीत आहेत.

एक गोष्ट आपल्या स्वतःच्या जिल्ह्याची. बोम जेझुसची पायाभरणी होऊन सव्वा वर्ष झाले होते, तेव्हा इकडे मोगलांनी नगरच्या किल्ल्याला वेढा घातला होता. १५९६ च्या सुरुवातीस त्यांनी सुरुंग लावून तट फोडला. खिंडार पडले. चांदबिबी तलवार घेऊन स्वतः त्या खिंडारात उभी राहिली आणि रातोरात तिने तट पुन्हा बांधून घेतला. सकाळी शत्रूला भिंत सलग दिसली. ही गोष्ट नगर जिल्ह्यातल्या प्रत्येक मुलाला शाळेत माहीत होते. पण तिचा शेवट आपण लवकर विसरतो. चारच वर्षांनी, १६०० मध्ये, अफवा आणि संशय यांतून चांदबिबीला तिच्याच लोकांनी ठार मारले, आणि मग किल्ला पडला. बाहेरच्या सुरुंगाने पडलेले खिंडार एका रात्रीत बुजले. आतले खिंडार बुजवायला कोणी उभे राहिले नाही.

परमेश्वर यहेज्केल संदेष्ट्याच्याच तोंडून एकदा खेद करतो की, तटाच्या खिंडारात उभा राहील असा एक माणूस मी शोधला आणि मला तो मिळाला नाही. बंधू-भगिनींनो, आज आपल्या धर्मग्रामात तो अशा एका माणसाला शोधत आहे. तो मोठा देणगीदार असायला हवा असे नाही. त्या दोन घरांपैकी कोणत्याही घराचा उंबरठा जो प्रथम ओलांडेल, तो देवाला मिळालेला माणूस असेल.

आणि कोणी असे समजू नये की चर्च देखणे झाले म्हणजे सगळे झाले. ज्या गोव्यात ही सोन्याची वेदी उभी राहिली, त्याच शहरात १५६० पासून इन्क्विझिशनचे न्यायालय बसत होते. धर्माच्या नावाने तिथे माणसांचा छळ झाला. ते १८१२ मध्ये कायमचे बंद झाले. पोप संत जॉन पॉल दुसरे यांनी २००० सालच्या पवित्र वर्षात ख्रिस्तसभेच्या मुलांच्या अशा पापांबद्दल देवाची जाहीर क्षमा मागितली. सुंदर मंदिरातही बाजार भरू शकतो. म्हणूनच आजच्या शुभवर्तमानात प्रभू हातात दोऱ्यांचा कोरडा घेतो. त्याला मंदिराचा राग नाही. पित्याच्या घरावर त्याचे प्रेम आहे, म्हणून त्याला तिथली घाण सहन होत नाही. आपल्या घरी पाहुणे येण्याआधी आई झाडू घेऊन जशी सर्वांना बाहेर काढते, तसेच ते आहे. आधी झाडणे, मग सारवणे.

आपल्या आजोबा-पणजोबांचा विचार करा. त्यांच्यापैकी अनेकांना गावात इतर ठिकाणी दाराबाहेर उभे राहावे लागत होते. गावोगाव पायी फिरणाऱ्या मास्तरांनी त्यांना प्रार्थना शिकवल्या, फादरांनी त्यांना एका सतरंजीवर बसवले. ज्या दाराने त्यांना आत घेतले, त्या दारातून आपल्यातले एक घर आज एका फरशीपायी बाहेर राहिले आहे. हे आपल्याला शोभते का?

आपल्या चर्चचाही गिलावा आहे. दर शनिवारी वेदीवरची वस्त्रे धुऊन इस्त्री करून आणणाऱ्या भगिनी, पहाटे घंटा वाजवणारे काका, धर्मशिक्षणाच्या वर्गात गोंगाट सहन करणाऱ्या मुली, अंत्यविधीला न बोलावता कुदळ घेऊन येणारे तरुण. त्यांचे नाव कोणत्याही फरशीवर नाही. ते थांबले तर किती पावसाळे आपण उभे राहू, याचे उत्तर जुन्या गोव्याच्या टेकडीवर आहे.

म्हणून मी ठरवले आहे की देणगीदारांच्या नावांची फरशी बसणार नाही. देणगी दानपेटीत गुप्तपणे टाकावी. हिशेब मात्र दर महिन्याला पै-पैचा याच पत्रकात छापला जाईल. येत्या शनिवारी, १५ नोव्हेंबरला, सकाळी सात वाजता श्रमदान आहे. छताचे काम कारागीर करतील, पण भिंतीचा पोपडा झालेला गिलावा काढण्याचे आणि आवार साफ करण्याचे काम आपले. येताना घमेले, थापी, झाडू आणा. आणि ज्याच्याशी बोलणे बंद आहे, त्याच्या घरावरून या. त्याला हाक मारून बरोबर घेऊन या. ३ डिसेंबरला संत झेव्हियर यांचा सण आहे. त्या दिवशी मतमाउलीजवळच्या बादल्या उचललेल्या असाव्यात आणि शेवटचा बाक रिकामा असावा, कारण तिथले लोक पुढे येऊन बसलेले असतील.

आजी, तुमच्या प्रश्नाला उत्तर द्यायला मला वर्ष लागले. देवाचे घर कोण सारवते? आपणच सारवतो. आपण थांबलो तर कोणीच सारवीत नाही.

प्रार्थना करू या.

हे प्रभू येशू, तू आमचा पाया आहेस. आमच्यामध्ये पडलेली खिंडारे तुला दिसतात. आमच्या मनात मुरलेली ओल तू बाहेर काढ आणि क्षमेचा लेप आमच्यावर लाव. जे नाव न घेता तुझे घर राखतात त्यांना आशीर्वाद दे. जे दाराबाहेर थांबले आहेत त्यांना आणायला आमच्या पायांना बळ दे. आणि तुझ्या घरातून आमच्या सुकलेल्या शेतांपर्यंत, गावांपर्यंत, तुझ्या कृपेचे पाणी वाहू दे. आमेन.

तुमचा धर्मगुरू